रक्तपेढीतला संशयित

पडद्यावर लाल पट्टी उमटली आणि कारकुनांनी दोन्ही हात कीबोर्डवर आडवे धरले.

“उडवू नका हो बाई. आधी बघा तरी.”

“बघायलाच आलेय,” बाई म्हणाल्या.

रक्तदात्यांच्या यादीचा तो प्रोग्रॅम कारकुनांनी स्वतः लिहिला होता. चार वर्षं, जेवणाच्या सुट्टीत, मांडीवर पुस्तक घेऊन. दुर्मिळ गटाचं रक्त लागलं की कोणाला फोन करायचा, ते अर्ध्या मिनिटात सापडे. गेल्या आठवड्यात नवा अँटिव्हायरस आला आणि त्याने पहिल्याच दिवशी या प्रोग्रॅमला व्हायरस ठरवलं. रक्तपेढीच्या डॉक्टरसाहेबांनी हुकूम सोडला, शनिवारपर्यंत निकाल लावा, नाहीतर काढून टाका. कारकुनांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी अँटिव्हायरस लिहिणाऱ्या बाईंनाच पत्र धाडलं, आणि बाई चक्क स्वतः आल्या.

तासभर त्या कागदावर आकडे उतरवत होत्या. मग दोन ओळींखाली रेघ मारली.

“माझा अँटिव्हायरस एक व्हायरस ओळखतो तो या सोळा आकड्यांवरून. तुमच्या प्रोग्रॅममध्येही हेच सोळा आहेत.”

“म्हणजे लागण झालीये?”

“छे. तो व्हायरस कोणाला न विचारता थेट डिस्कवर लिहितो, हे आकडे म्हणजे तोच हुकूम. तुम्हीही तेच करता. का?”

कारकून ओशाळले. “वीज जायची, नोंद अर्धवट राहायची. म्हटलं, नाव टाकलं रे टाकलं की थेट डिस्कवर.”

“कोणी शिकवलं?”

“कोण शिकवणार? तीनदा नावं गेली, मग सुचलं.”

बाई हसल्या. मग डॉक्टरसाहेबांना बोलावून म्हणाल्या, “प्रोग्रॅम चोख आहे. सोळाच आकड्यांवर भरवसा ठेवला, तो आळस माझा.” एवढी हुशार बाई, पण जराही आढेवेढे नाहीत. कारकुनांना त्यांचं भारी कौतुक वाटलं.

निघताना बाई म्हणाल्या, “याची एक प्रत द्याल? दात्यांची नावं नकोत, नुसता प्रोग्रॅम.”

“कशाला?”

“माझी प्रत्येक नवी आवृत्ती आधी याच्यावर चालवून बघणार. याला व्हायरस म्हणाली, तर ती घराबाहेर पडणार नाही.”

कारकुनांनी कोऱ्या फ्लॉपीवर प्रत उतरवली. “लेबलवर काय लिहू?”

“तुमचं नाव. कोणी लिहिलाय ते कळायला नको?”

चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. कारकुनांनी पेन उचललं, परत खाली ठेवलं, आणि आधी रुमालाने हात पुसून घेतले.