तिच्या हाताचं माप

दाराच्या मागे, झाडूशेजारच्या खिळ्यावर बघा. हो, मीच. मी खुरपं. सकाळपासून मला चैन पडत नाहीये, म्हणून बोलावंसं वाटलं.

लोहाराने मला घडवताना माझ्या मालकिणीला आधी मूठ वळायला सांगितलं होतं. ती डावखुरी. त्याने पातं उलट्या बाजूला वाकवलं आणि लाकडी मूठ तिच्या हातात बसेल अशी तासली. त्याला वीस वर्षं झाली. घरच्या शेतातलं तण काढून झालं की ती चार बायकांना घेऊन लोकांच्या शेतात जायची. त्या पाच घरांच्या चुली त्यावरच पेटायच्या.

मग आमच्या घरी तण काढायचं मशीन आलं. ते पोचवायला आलेल्या माणसाने तिच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघत विचारलं, “शेतकरी घरात आहेत का?”

“आहेत,” ती म्हणाली आणि तिने दिराला हाक मारली.

गंमत बघा. इतकी वर्षं तण काढणं बायकांचं काम होतं. त्याला इंजिन लागलं आणि ते पुरुषांचं झालं. दिराला गावभरातून बोलावणी यायला लागली. त्या चार बायका दारात येऊन विचारायच्या, “काही काम आहे का गं?” ती मानेनेच नाही म्हणायची.

परवा दिराने मिरचीत मशीन फिरवलं. तण राखलं आणि रोपं उपटली!

“वहिनी, बुंध्याजवळचं तेवढं तुम्ही बायका काढून टाका ना,” तो म्हणाला.

मला कमरेला खोचून ती शेतात गेली. “आम्ही काढतो. पण भाऊजी, मला मशीन शिकवा.”

“ते काय केर काढणं आहे?”

“केर तरी कधी काढलात?”

तिने मशीन धरलं. हँडल तिच्या छातीच्याही वर येत होतं. चार पावलांत मशीन बांधावर चढलं. दीर पोट धरून हसला. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. ती शिकली तर मला कोण विचारणार?

घरी आल्यावर तिने मला हातात घेतलं. झिजलेल्या मुठीवरून अंगठा फिरवला. “तुझी मूठ माझ्या मापाची आहे,” ती पुटपुटली. मग ताडकन उठली आणि मशीन ढकलत लोहाराकडे गेली.

आज सकाळी दिराने कापलेलं हँडल बघितलं आणि ओरडला, “वहिनी! आता मला वाकून चालवावं लागेल!”

“वाका की,” ती म्हणाली. “मी वीस वर्षं वाकले. होते सवय.”

आत्ता ती घरामागच्या शेतात आहे. चौघीजणी बांधावर उभ्या असतील. मला तिने नेलं नाही. मशीनची दोरी ओढल्याचा आवाज येतोय. एकदा. दोनदा. इंजिन नुसतंच खोकतंय.

सुरू हो रे बाबा. मला गंज चढला तरी चालेल, पण सुरू हो.