न मोजलेले तेवीस

शिबिराला चार दिवस झाले होते आणि अहवाल तीन वाजता प्राचार्यांसमोर मांडायचा होता. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातली मौनी ग्रंथालयात बसून त्याच्यावर शेवटची नजर फिरवत होती. खरं नाव वेगळं. पण दीड वर्षात वर्गाने तिचा आवाज धड ऐकला नव्हता, म्हणून हे नाव चिकटलं. विद्यार्थी समितीत तिला आईने ढकललं होतं. "चार माणसांत वावर जरा. उद्या पेशंटशी काय खुणांनी बोलणार आहेस?"

तर ती वावरली. समितीने शिबिर भरवलं: कॉलेजच्या कर्मचाऱ्यांची रक्तदाब तपासणी, तीन टेबलं, त्यातलं एक मौनीचं.

"काय डॉक्टरीणबाई!" ग्रंथालयातल्या शिपाईकाकांनी पुस्तकांची ढकलगाडी थांबवली. "गुण आहे हं तुमच्या हाताला. कार्डावर एकशेवीस-ऐंशी लिहून दिलंत, आमच्या हिने ते कपाटावर चिकटवलंय. गोळीसुद्धा बंद केली मी. आठ वर्षांची कटकट गेली बघा!"

मौनीच्या हातातलं पेन थांबलं.

काकांच्या दंडाला तिने पट्टा बांधलाच नव्हता! जेवणाची सुट्टी संपत आलेली, रांग हलत नव्हती, समितीचा अध्यक्ष मागून "आटपा, आकडा पूर्ण व्हायला हवा" करत होता. शेवटच्या तेवीस जणांची तिने नुसती तोंडं पाहिली आणि रकाने भरले. कुणाला एकशेवीस, कुणाला एकशेअठरा. सगळे सारखे दिसले तर संशय येईल, एवढी अक्कल मात्र तिने चालवली होती.

"काका, डोकं दुखतंय का?"

"कालपासून ठणकतंय थोडं. वय झालं आता."

ती धावत जाऊन मशीन घेऊन आली. एकशेनव्वद-एकशेदहा. पाच मिनिटं त्यांना शांत बसवून तिने पुन्हा मोजलं. तेच!

"किती? तेवढंच ना?" काकांनी हसून विचारलं.

"जरा... जास्त आहे. चला माझ्याबरोबर." खरं सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही.

कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काकांना आडवं केलं, औषध दिलं आणि फैलावर घेतलं. "गोळी बंद करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही हो. माझाच आगाऊपणा," काका म्हणाले.

मौनीला वाटलं, त्यांनी आपल्याला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर अध्यक्ष उभा होता. मौनीने त्याला सगळं सांगितलं. "वेळेवर कळलं ना? मग झालं तर!" तो कुजबुजला. "बाकीचे बावीस धडधाकट दिसतात. अहवाल आहे तसाच जाऊ दे. उगाच शिबिराचं नाव जाईल. आणि तुझं तर जाईलच."

अडीच वाजता मौनीने ट्यूटर मॅडमचं दार वाजवलं आणि सगळं ओकून टाकलं. "मला काढून टाकतील का, मॅडम?"

"टाकतीलही. खोटा धीर देणार नाही मी." मॅडमनी चष्मा काढला. "एक सांग, काकांचा रकाना तू कोरा ठेवला असतास तर?"

"ते गोळी घेत राहिले असते."

"बघ! कोऱ्या रकान्याने कुणाचं काही बिघडलं नसतं, भरलेल्याने बिघडलं. अगं, माणसं तुला कुठे ओळखतात? या पांढऱ्या कपड्यांवर विश्वास ठेवून बाही वर करतात. बावीस जण अजूनही तुझ्या आकड्यावर निर्धास्त आहेत."

तीन वाजता प्राचार्यांसमोर मौनी उभी राहिली. "सर, माझ्या टेबलावरचे शेवटचे तेवीस आकडे खोटे आहेत. मी मोजलेच नाहीत."

अध्यक्षाने कपाळाला हात लावला. मग शिबिरात दुसऱ्या टेबलावर बसलेला मुलगा उठला, खाली मान घालून म्हणाला, "सर, माझे अकरा." आणि तिसरं टेबल सांभाळणाऱ्या मुलीचा अगदी बारीक आवाज आला, "माझे... नऊ."

प्राचार्यांनी अहवाल मिटला. "तुमचं काय करायचं ते मी उद्या ठरवीन. आधी ती माणसं शोधा. आत्ता!"

मौनी आधी दवाखान्यात गेली. काका उठून बसले होते. या वेळी शब्द फुटले. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तुला डॉक्टरीणबाई म्हणत होतो," ते म्हणाले. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिला बोचलं. "घरी काय सांगू? बायको चार दिवस खुशीत आहे माझी."

"मी येते सांगायला. माझ्या तोंडाने सांगते."

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग बाही वर सरकवली. "आधी मोज. आणि मशीन इकडे वळव, मलाही दिसू दे."

वाचकहो, असे न मोजता भरलेले रकाने आपल्याही कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत आहेत. 'एवढ्याने काय होतंय' म्हणत आपणच ते भरतो. प्रत्येक रकान्यापाशी एक जिवंत माणूस आपल्या भरवशावर उभा असतो. माहीत नसेल तर रकाना कोरा सोडावा. चूक झाली असेल, तर तोंड उघडावं. आवाज कापला तरी चालेल.