दोन कॉलेजांची एक बॅग

मित्रांनो, मी एक जुनी निळी बॅग. चाकं चार होती, आता तीन आहेत. चेन मध्येच अडते. पण आज मी एवढी खुशीत आहे की बोलल्याशिवाय राहवत नाही.

दुकानातून आले तेव्हा मला एक नाही, दोन मालक मिळाले. ताई आणि तिचा धाकटा भाऊ. दोघं दोन शहरांत शिकतात. ताईच्या कॉलेजात वर्षाला दोन सेमिस्टर, सुट्टी डिसेंबर आणि मेमध्ये. धाकट्याच्या कॉलेजात तीन टर्म, सुट्टी मार्च, जुलै, नोव्हेंबरला. म्हणून आईने ठरवलं, दोघांत एकच बॅग पुरते. बाबा लांबच्या बसवर ड्रायव्हर. ते मला सीटमागे टाकून या हॉस्टेलवरून त्या हॉस्टेलवर पोचवायचे.

माझं कौतुक व्हायचं. पण आत काय चाललंय ते मलाच माहीत. दीड वर्षात बहीण-भाऊ एकदाही भेटले नव्हते. बोलणं व्हायचं माझ्या बाजूच्या कप्प्यातून. चिठ्ठ्या. "माकडा, ओले मोजे ठेवू नकोस." खाली उत्तर, "वास घे आणि माझी आठवण काढ."

फोन होता की. पण एकाची परीक्षा तेव्हा दुसऱ्याची झोप.

मग यंदा ताईच्या कॉलेजानेही तीन टर्म केल्या. जुलैत चार दिवस दोघं घरी. मी तर हवेत. तेवढ्यात धाकट्याचा शेवटचा पेपर तीन दिवस पुढे गेला. उरला फक्त रविवार, आणि चार वाजता ताई बाबांच्याच बसने निघणार.

एक वाजला. दोन वाजले. मी भरून दाराशी उभी. ताई सारखी गॅलरीत.

"बाबा, दहा मिनिटं थांबाल ना?"

"बस माझ्या घरची आहे का गं?"

तीन वाजून दहा मिनिटांनी जिन्यात धपधप आवाज. धाकटा, पाठीवर चादरीचं गाठोडं. मी ताईकडे होते ना.

"कपडे धुवायला कुणाच्या घरी चाललास?"

"तुझ्याच. साबण काढ."

आणि मग दोघं जे बोलत सुटले. आईने ताटं वाढली ती तशीच. पन्नास मिनिटं मित्रांनो, फक्त पन्नास, पण काय पन्नास.

निघताना ताईने मला पलंगावर रिकामं केलं. आपले कपडे त्याच चादरीत बांधले.

"बॅग तू ने. बाबांचा एक हेलपाटा वाचेल."

ती गेल्यावर धाकट्याने सवयीने माझा कप्पा उघडला. आत काहीच नव्हतं. सगळं तोंडी झालं होतं. तो हसला आणि चेन हळू लावली, न अडकवता.

तर मित्रांनो, परीक्षेच्या तारखा लागल्या की भिंतीवर चिकटवण्याआधी भावंडांना कळवा. एखादा दिवस तरी जुळतोच. आणि घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिचं चाक तेवढं बसवून घ्या. धावायची वेळ कधीही येते.