सातवी पवनचक्की गावाची

हिमांशू साहेबांना वारा कळतो, असं फक्त हिमांशू साहेबांचंच मत होतं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या एसी ऑफिसात बसून त्यांनी पठारावर सात पवनचक्क्या ठरवल्या, पश्चिमेकडून पूर्वेकडे, सरळ एका रांगेत. का, तर हायवेवरून फोटो चांगला येतो. तिथला वारा बहुतेक पश्चिमेचाच. म्हणजे पहिलीनं त्यातला जोर काढून घ्यायचा आणि घुसळलेला, उष्टा वारा दुसरीला द्यायचा. दोघींचा उष्टा तिसरीला.

मी ही घट धरून विजेचा अंदाज काढला. साहेबांनी घट पुसली, सातही जणींची वीज सारखी दाखवली आणि तोच अंदाज कर्जासाठी बँकेला दिला. वर मलाच विचारलं, वारा काय रांगेत उभा राहतो का? हा माणूस म्हणे इंजिनिअर.

पठार गावाचं होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष, विहिरी कोरड्या, टँकर शहराच्या नव्या वसाहतींकडे पळवलेले. पाणी उरलं होतं ते खालच्या तलावात. म्हणून गावानं जागा देताना एकच अट घातली: एका पवनचक्कीची वीज तलावावरच्या पंपाला. साहेबांनी मोठ्या मनानं सातवी दिली. वाऱ्यातलं काही न कळणाऱ्या माणसाला नेमकी शेवटचीच बरी सुचली!

करारावर सह्या करायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. बँकेचे केशवरावही आले होते. चहाच्या वेळी सरपंच आशाबाईंनी मला बाजूला घेऊन सातवी कितपत चालेल, असं विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं.

सह्यांच्या वेळी त्या म्हणाल्या, "सायेब, समद्या सारख्याच हायेत ना?"

"अगदी सारख्या," साहेब केशवरावांकडे बघत म्हणाले.

"मग पहिली आमच्या नावावर करा."

साहेबांचा चेहरा पडला. नकाशे झालेत, पहिली गावापासून लांब, तार जास्त लागेल, असं काहीबाही ते सांगू लागले. तारेचे खांब गाव रोवील, असं आशाबाईंनी शांतपणे सांगितलं. केशवरावांनी पेन खाली ठेवलं आणि सारख्याच असतील तर अडचण काय, असं विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अडचण काहीच नाही, असं मीच सांगून टाकलं.

त्यांनी सही केली.

परतताना गाडी शहरात, छावणी भागात शिरली. साहेब म्हणाले, "सातवीतून काही निघणार नाही, हे तुला माहीत होतं, स्वराली."

"तुम्हालाही माहीत होतं, सर," मी म्हटलं, आणि गाडी थांबवायला सांगून तिथंच उतरले.