हातगाड्यावरचा किल्ला

काशाप्पा माझा थोरला दीर. तोंडावर मी भावजी म्हणते, मनात म्हणत नाही. त्याचं तोंड दिसू नये म्हणून वाटणीनंतर अंगणात मधोमध कच्च्या विटांची भिंत मीच घालून घेतली. वाटणीत बैलगाडीसुद्धा सुटली नाही. चाकं त्याला, सांगाडा आम्हाला. त्याच्या चाकांवर दोडक्याचा वेल चढलाय, आमच्या सांगाड्यावर कोंबड्या बसतात. माझा नवरा हैदराबादला ट्रक चालवतो, त्यामुळं भांडायचं काम माझ्याच अंगावर आहे, आणि मी ते मन लावून करते.

सतरा सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या मिरवणुकीला पोरांनी घरून चित्ररथ करून आणायचे, असं शाळेत ठरलं. माझ्या पोरीला, धनूला बसवकल्याणचा किल्ला करायचा होता. "माउलीबी चित्ररथ करायलाय," ती म्हणाली. माउली काशाप्पाचा पोरगा, तिच्याच वर्गात. मग मी कशाला मागं राहते? कांदेवाल्या ईरण्णाचा हातगाडा मागून आणला, आडवा करून दारातून आत घेतला.

तुराट्या बांधल्या, पुठ्ठे लावले, वर शेणमातीचा हात फिरवून चुना दिला. धनूला छोटा किल्ला हवा होता.

"छोटा कामून? पलीकडून दिसाया पायजे," मी म्हटलं आणि बुरूज गाड्याच्या बाहेरपर्यंत काढले.

"अव्वा, याला उघडझाप करायचं दार करू."

"दार बंदच ऱ्हाऊ दे."

भिंतीपलीकडून आवाज आला, "पद्मा, शेण आमच्या अंगणात उडायलंय."

"उडू द्या भावजी. तुमच्याकडं तेवढंच कमी हाय."

धनू चुना लावत राहिली.

मिरवणुकीच्या सकाळी गाडा ढकलला आणि दारात अडकला. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातून काही न्यायचं म्हणजे मोठ्या दारातून, बैलगाडी जाईल एवढ्या. किल्ला बांधताना तेच दार माझ्या डोळ्यांपुढं होतं. ते आता काशाप्पाच्या वाट्यात. आमचं दार एका माणसापुरतं.

"मी मोठ्या अप्पाला इचारू का?" धनूनं काशाप्पाच्या भिंतीकडं बघत विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"इचारलीस तर बघ."

मिरवणुकीची हलगी वाजत जवळ आली. मी पहार घेतली आणि भिंत फोडायला लागले. गाड्याएवढं भगदाड पडलं तेव्हा पलीकडं काशाप्पा उभा होता.

"भिंत तुझी, पाड. अंगण माझं हाय. नीट इचार, मग गाडा आण."

"न्हाई इचारत. दार सासऱ्याचं हाय."

"मग त्यांनाच इचारून ये." सासऱ्यांना जाऊन किती वर्षं झाली, हे त्यालाही ठाऊक आहे.

मी गाडा रेटला. त्यानं पलीकडून रेटला. एक बुरूज गेला. मी अजून जोर लावला, त्यानंही लावला. दुसरा गेला, मग तटच खाली आला. "सोडा की दोघं," धनू म्हणत होती. ते मी ऐकलं, खोटं कशाला बोलू. पण आधी त्यानं सोडायला पाहिजे होतं.

धाप लागून थांबले तेव्हा धनू शेजारी नव्हती. मोठ्या दारातून माउलीचा चित्ररथ बाहेर पडत होता, सायकलवर बांधलेला पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर. मागून धनू ढकलत होती. हात चुन्यानं पांढरे.

दुपारी दोघं पोरं परत आली, ती मोठ्या दारातूनच. आता पलीकडं दोडक्याच्या वेलाशेजारी एका ताटात जेवायला बसलीत.

भगदाड आजच बुजवायचं म्हणून मी चिखल कालवलाय. पलीकडून काशाप्पानं विटा आणून टाकल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

"धनू, इकडं ये. भिंत घालायलेय."

तिनं ताटातून मान वर केली नाही.

"घाल की," ती म्हणाली.

चिखल वाळायला लागलाय, वीट अजून एकही बसवली नाही. मी त्यावर पाणी शिंपडत बसलेय.