सोळा हॉर्सपॉवरचा डबा

खोटं बोलण्याबद्दल माझी कुणाशीच तक्रार नाही. पन्नास वर्षं मी तेच करत आलोय. पण खोटं बोलायचं तर घाम गाळावा लागतो. आधी खरं काय ते नीट बघून घ्यावं लागतं, मग ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बघत ते हळूहळू फुगवावं लागतं, फुटणार नाही इतकंच. बीडच्या त्या दुकानदारानं डब्यावरच्या कागदाकडं बोट दाखवून जे खोटं माझ्या तोंडावर फेकलं, त्यात मेहनत म्हणून काडीची नव्हती. तीन महिने झाले, माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आमचं गाव दिंद्रुडपासून दोन बिड्यांच्या अंतरावर. तिथं माझा बालमित्र हरिबा मेंढ्या राखतो. एके काळी चारशे होत्या, आता साठ राहिल्या. मेंढ्या कमी झाल्या, पण त्यांचं शेड काही आखडलं नाही. साठ फूट लांब, पंचवीस फूट रुंद, वर पत्रा. हरिबानं मेंढ्या बाहेर कुंपणात हलवल्या, शेडला गिलावा केला, खाली फरशी टाकली, एका टोकाला मोठा टीव्ही लावला. खोली इतकी लांब की सकाळच्या बातम्या मागच्या भिंतीपाशी बसलेल्यांना दुपारी पोचतात. अर्धी वस्ती तिथं जमते. आणि टीव्ही बंद झाला की मी सुरू होतो.

माझी सगळ्यांत चांगली श्रोती म्हणजे हरिबाची बायको, बायडाबाई. मान कुठं हलवायची, तोंडाला पदर कुठं लावायचा, हे तिच्याकडून शिकावं. विशेषतः लांडग्याच्या गोष्टीला. डोंगरात मेंढ्यांवर लांडगा आला आणि मी त्याला शेपटीला धरून गरागरा फिरवून पलीकडच्या तालुक्यात भिरकावला, ती गोष्ट. हरिबा त्या दिवशी बाजाराला गेला होता, त्यामुळं त्याला काही बोलता येत नाही. बारा वर्षं झाली, सांगतोय. त्याच्या आधी का सांगत नव्हतो, ते विचारू नका.

बायडाबाईचे कान गेले त्यालाही तेवढीच वर्षं झाली असतील.

कानात घालायचं यंत्र आणून झालं होतं. "मेंढ्या, पंखा, भांडी, समदं एकदम डोक्यात शिरतंय," म्हणून तिनं ते मिसरीच्या डबीशेजारी ठेवून दिलं. मग टीव्हीपुढं बसायची आणि बाकीचे हसले की हसायची. एक दिवस मालिकेतला म्हातारा मेला. सगळ्या बाया डोळे पुसत होत्या, तेवढ्यात मागं कुणीतरी कशाला तरी दात काढले, आणि ते बघून बायडाबाई खळखळून हसली. सगळ्यांनी वळून बघितलं. सून संगीतानं घाईनं टीव्हीचा आवाज वाढवला, पण वस्तीवर आठवडाभर बायडाबाईच्या हसण्याच्या नकला चालल्या होत्या. त्या दिवसापासून बायडाबाई आत बसेना. दाराबाहेर मेंढ्यांजवळ बसायची, टीव्हीकडं पाठ करून.

हरिबाला ते बघवेना. त्यानं दोन एडके विकले, पंधरा हजार बंडीच्या खिशात घातले आणि मला म्हणाला, "बिभीषणा, बीडला चल. मोठ्या खोलीला पुरंल असं होम थेटर घिऊ. बायडीला शब्द ऐकू आले पायजेत. ती पुन्हा आत बसली पायजे."

"मला काय कळतंय बे त्यातलं?"

"तुला न्हाई कळत. पण दुकानदार थापा मारतेत, आन् थाप तुझ्यावानी कुणाला वळखू येती?"

हा मान मी गुमान स्वीकारला. बायडाबाईला घेऊन तिघं एसटीनं निघालो.

दुकान केवढं, तर मेंढीला आत वळता येणार नाही एवढं. दुकानदाराच्या शर्टावर 'प्रविण' अशी पट्टी होती. त्यानं बायडाबाईकडं बघितलंच नाही. हरिबाचं पागोटं बघितलं आणि आम्हाला सरळ एका उभ्या डब्यापुढं नेलं. डब्यात निळे-तांबडे दिवे असे पळत होते की वाटलं, आत वरात चालली आहे.

"बाबा, तुमच्यासाठी हे. लायटिंग हाय, बास जबरदस्त. बारा हजार वॅट!" तो डब्यावरच्या कागदाकडं बोट दाखवून म्हणाला.

"पंधरा हजार हायेत आमच्याकडं. पण खोली केवढी ते इचारलं न्हाई तुमी," हरिबा म्हणाला.

"कितीबी मोठी असू द्या. बारा हजार वॅट म्हणल्यावर गाव हालतंय."

त्यानं गाणं लावलं. माझे उरलेले चार दात एकमेकांना भेटून आले. बायडाबाईनं छातीवर हात ठेवला.

आता हरिबाची एक रीत आहे. मेंढीच्या गळ्यातली घंटा तो दुकानात वाजवून कधीच घेत नाही. जवळून सगळ्याच घंटा गोड. तो घंटा माझ्या हातात देतो आणि स्वतः चालायला लागतो. जिचा आवाज दोन बांध ओलांडूनही ओळखू येतो, ती त्याची. त्यानं प्रविणला बातम्या लावायला सांगितल्या आणि सरळ बाहेर पडला. रस्ता ओलांडून रसवंतीपाशी जाऊन उभा राहिला, कानामागं हात धरून.

"बाबा गेले की काय?" प्रविण म्हणाला.

"न्हाई. ऐकायलेत."

हरिबा परत आला. "धुम धुम तेवढं आलं. बाई काय बोलली ते न्हाई आलं. आमाला तर बोलणंच ऐकायचंय."

"ओ बाबा, हे काय मेंढरू हाय का लांबून पारखायला?" प्रविण हसला. "मेंढरं राखणाऱ्यांनी ह्याच्यात डोस्कं घालू न्हाई. वॅट बघायचा आन् घ्यायचं. बारा हजार!"

इथं माझा तोल गेला. हरिबाला मेंढरांवरून बोलला म्हणून गेला, आणि बारा हजार तिसऱ्यांदा म्हणाला म्हणूनही गेला. एकच थाप तीनदा, तीही एका शब्दाचा फरक न करता! लाज वाटायला पाहिजे.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "आमच्या हिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटार हाय. ती साडेपाच हजार वॅट खाती. तिला थ्री फेज लागतो, बोटाएवढी केबल लागती, आन् ती चालू झाली की गावातले बल्ब डोळे मिचकावतेत. तुमचा डबा बारा हजार. म्हंजे झाले सोळा हॉर्सपॉवर. ह्याची वायर दाखवा."

त्यानं दाखवली. करगोट्याएवढी जाड, टोकाला दोन पिना.

"ह्या दोऱ्यातून सोळा हॉर्सपॉवर जातंय? मग गाणं ऱ्हाऊ द्या. हा डबा आमी हिरीवर बसवतो. चार गावं भिजतील!"

दुसरा एक डबा बघत असलेलं नवरा-बायकोचं जोडपं थांबलं. नवऱ्यानं हळूच आपल्या डब्याची वायर उचलून बघितली.

"काका, ते पीएमपीओ वॅट असतंय," प्रविण कुजबुजला.

"म्हंजे काय?"

"म्हंजे... ते येगळं मोजतेत."

"येगळं म्हंजे मी मोजतो तसं? आवं, मीबी मांजराचा वाघ करतो. पण त्याची पावती न्हाई फाडत!"

"घ्यायचं तर घ्या, न्हाईतर रस्ता मोकळा करा," प्रविण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पंधरा हजारात तुमाला आन् काय भेटणार हाय?"

बायडाबाईला शब्द कळले नसतील, पण तोंडं वाचता येत होती. ती उठली आणि सगळ्यांत आधी बाहेर गेली.

एसटीत मी वडवणी येईपर्यंत बडबडत होतो. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "बाबा, माझ्यावर का वरडायलेत?" वडवणीला हरिबानं माझा दंड धरून खाली उतरवलं. स्टँडामागं इसाकचं दुकान आहे. जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, साउंडची यंत्रं दुरुस्त करतो. हरिबाची विहिरीवरची मोटार त्यानंच दोनदा भरलेली.

सोळा हॉर्सपॉवरची हकीगत ऐकून इसाक एवढा हसला की हातातला पाना खाली पडला. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. खोली केवढी? वर काय, स्लॅब का पत्रा? भिंती कोऱ्या का? आणि ऐकणार कोण?

"ही," हरिबानं बायडाबाईकडं बोट केलं.

इसाकनं स्टूल ओढलं, तिच्या समोर बसला आणि न ओरडता, तोंड दिसेल असं सावकाश विचारलं, "भाभी, काय ऐकू येत न्हाई? आवाज का बोल?"

"आवाज लई येतो," बायडाबाई म्हणाली. "पण समदा गिचका येतो, खिचडीवानी. त्याच्यातला शब्द निवडता येत न्हाई."

सकाळपासून तिला हे विचारणारा हा पहिला माणूस. बारा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. हरिबानंही नाही, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. या गोष्टीचाही मला फार राग आला, आणि तोही मी प्रविणवरच काढला.

"मग भाऊ, तुमी उलटं निघालते," इसाक हरिबाला म्हणाला. "वय झालं की कानातून बारीक आवाज आधी जातो, जाडा ऱ्हातो. स, च, त हे समदे बारीक. त्येच भाभीला पायजेत, आन् तुमी अजून जाडा आवाज इकत घ्यायला गेलते. आन् होम थेटरातले ते पाच-सहा चिमुकले डबेबी नकोत, एवढ्या खोलीत त्यांचा जीव जातो. तीनच घ्या. बाजूला दोन मोठे. एका मंगल कार्यालयातून निघालेले लाकडी पडलेत माझ्याकडं, आतला माल नवा घालून देतो. आन् बोलण्यासाठी एक मधोमध, टीव्हीखाली, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. खरा खर्च ह्या मधल्यावर करा. पत्र्याला, भिंतीला कायतरी जाड, मऊ लटकवा, न्हाईतर बोल घुमतो."

"घोंगड्या चालतील?"

"लो! शहरातले लोक असल्या गोष्टीला पैसे मोजतेत, तुमच्या मेंढरांच्या अंगावर ती उगवती."

"आन् वॅट किती?" मी डोळे बारीक करून विचारलं.

"साठ."

"साठ हजार?"

"साठ. नुसते साठ."

इतकं उघडं-नागडं खरं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला त्याची कीवच आली.

इसाकनं मधला स्पीकर दुकानाच्या दारात ठेवून बातम्या लावल्या. या वेळी हरिबा जागेवर थांबला. बायडाबाई एकटी चालत गेली, पार स्टँडातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत. बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"कांदा उतरला म्हणाली बाई," ती म्हणाली. "चांगला उतरला."

कांद्याचा भाव उतरल्याचं ऐकून आनंदानं रडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं, आणि आमच्याकडं तर कांदा लावलेलाही नव्हता.

जाताना इसाकनं एक माईक पिशवीत टाकला. "ह्याला माईकची जागा हाय. भाभीला हाक मारायला."

चार दिवसांत शेडमध्ये एकोणीस घोंगड्या टांगल्या. बायडाबाईला पुढं बसवलं. मालिका लागली. त्यातल्या सासूनं काहीतरी टोमणा मारला, आणि बायडाबाई हसली. सगळ्यांच्या आधी हसली. हरिबानं पागोट्याच्या टोकानं नाक पुसलं आणि उगाच मेंढ्या बघायला बाहेर गेला.

मग टीव्ही बंद झाला आणि माईक माझ्या हातात आला.

एवढी खोली, एवढी माणसं, असा आवाज! मी लांडगा काढला. तो आधी गाढवाएवढा होता, साउंड चांगला निघाला म्हणून मी त्याला वळूएवढा केला. शेपटी धरली, गरागरा फिरवायला लागलो. आणि बघतो तर बायडाबाईची मान हलत नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "शेपटी कुणी धरली?"

"मी."

"लांडग्याला काठीनं म्या हाणलं. तुमी बाभळीवर होता. धोतर खालच्या फांदीलाच ऱ्हायलं होतं."

घोंगड्यांनी सगळा घुमणारा आवाज गिळला, पण ते हसू काही गिळलं नाही. मला इसाकचा असा संताप आला म्हणून सांगू! एवढा स्वच्छ स्पीकर बनवायची गरजच काय होती?

"वैनी, बारा वर्सं मान हलवली तुमी!" मी माईकमधूनच ओरडलो.

"मला वाटायचं, भावजी माझीच गोष्ट सांगायलेत," ती म्हणाली. "काठी फिरवल्यावानी हात करत होता ना तुमी. म्हणून हलवत होते."

संगीतानं माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि सासूच्या हातात दिला.

बायडाबाईनं तो लाटण्यासारखा धरला, दोनदा फुंकला आणि सुरू झाली. "त्या दिवशी ऊन लई होतं. मी मेंढ्या बसवल्या, आन् वरच्या अंगानं आले. एक न्हाई. तीन लांडगे."

लांडगा एकच होता. मी चटकन तोंड उघडलं. पण एकच दिसला हे सांगायचं तर कुठून दिसला तेही सांगावं लागलं असतं. मी तोंड मिटलं, आणि सगळ्यांबरोबर मान हलवली.