खाऱ्या बर्फातली बाटली

उंदीर मारायची सवय रुपलला कधीच झाली नाही. तलासरीच्या त्या खाजगी लॅबमध्ये पाऊल टाकलं की मुताचा आणि भुशाचा वास नाकात बसायचा. डहाणूच्या किनाऱ्यावर सुक्या बोंबलांत वाढलेली पोरगी, वासाला भिणारी नव्हे. पण हा वास घरापर्यंत पाठ सोडत नसे.

आज तर उंदीर फुकट मेले होते, आणि तेही तिच्यामुळे.

लॅबचे प्रमुख नयन सर एका कंपनीच्या सांधेदुखीवरच्या नव्या औषधाची चाचणी करत होते. उंदराच्या प्लीहेतल्या संरक्षक पेशींवर एक रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारा रेणू, असतो. त्याला चिकटणारी, चमकता रंग लावलेली अँटीबॉडी पेशींत मिसळायची. रिसेप्टर असेल तर पेशी मशीनमध्ये चमकते, औषधाने तो कमी झाला असेल तर नाही. फक्त ती अँटीबॉडी थंड ठेवायची, गोठू द्यायची नाही.

अँटीबॉडीच्या बाटलीचं पार्सल डहाणू रोडला आलं तेव्हा लॅबला सुट्टी लागली होती. रुपलने बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि ती मसोलीला मावशीकडे गेली. इकडे लाइट गेली. आईने आपल्या परीने चांगलंच केलं. बाटली माशांच्या पेटीत बर्फात खुपसली आणि गारवा वाढावा म्हणून वर मूठभर खडं मीठ मारलं.

"पापलेट टिकतंय त्यात, तुजी बाटली नाय टिकनार?" आई म्हणाली.

मिठाने बर्फ शून्याच्याही खाली गेला आणि बाटली गोठून दगड झाली होती. वितळल्यावर मात्र होती तशीच दिसली, म्हणून रुपलने कुणाला न सांगता तीच वापरली. औषध दिलेल्या उंदरांच्या पेशी चमकल्या नाहीत. न दिलेल्यांच्याही नाहीत, आणि त्या तर चमकायलाच हव्या होत्या. तिला स्वतःचीच किळस आली.

नोकरी गेली असं धरूनच ती सरांच्या केबिनमध्ये शिरली आणि तिने सगळं सांगून टाकलं. सर पेढा खात होते.

"औषधवाल्या उंदरांत रिसेप्टर दिसत नाही. बरोबर?"

"सर, अँटीबॉडीच खराब झालीय. साध्या उंदरांतही काही दिसत नाही."

"साधे उंदीर मागच्या चाचणीतले घेऊ. छान चमकले होते." त्यांनी बोटं चाटली. "गुरुवारी कंपनीवाले येतील, खूश होतील. आणि पुढची बाटली आली ना, तीही एक रात्र आईकडेच ठेव."

ते हसत होते. पेढ्यांचा खोका त्यांनी तिच्याकडे सरकवला.

रुपलने पेढा घेतला नाही. घरी मासा बिघडला तर आई त्याला मीठ लावून सुकवायला टाकत नाही, वाडीतल्या माडाखाली पुरते. आणि हा माणूस ते औषध लोकांना गिळायला लावणार होता.

"गुरुवारी मी इथेच आहे सर," ती म्हणाली. "कंपनीवाल्यांना बर्फाचं मीच सांगते."

सरांचं हसणं थांबलं. रुपल बाहेर आली, बेसिनपर्यंत कशीबशी पोचली आणि भडाभडा ओकली.